चेन्नईहून पुण्याला अख्खा दिवस

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर ऐका, पण हसू नका. अधिक महिन्यात त्यांनी मला धोंडे खायला पुण्याला बोलावलं. मला जायचा कंटाळा. म्हणालो, "अहो, चेन्नईहून विमानानेसुद्धा अख्खा दिवस मोडतो."

"अगंबाई, एवढं लांब?" एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दुपारी चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात सासूबाई, हातात टॉवेलात गुंडाळलेला डबा. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेल्या, तेही एकट्या!

"जावयाचं वाण चुकवायचं कसं? दिवसभरात खराब होतील म्हणून धास्तावले होते हो. पण विमान पावणेदोन तासांत उतरलं! हात लावून बघा, धोंडे अजून कोमट आहेत."

बायको माझ्याकडे बघत होती. मी डब्याकडे.