बॅनरवरची बारीक कौसल्या

...आन् मले विचारलं तरी होतं का कोनी? बाई सरपंचाच्या इलेक्शनले उभी, नाव तिचं, तोंड तिचं, आन् तिले बारीक करताना तिलेच विचारत नाई. तुम्हाले सांगतो, मी कौसल्या अमरसिंग राठोड, फुलसावंगीजवळच्या तांड्यातली. लग्नात बारीक होती, मंग लेकरं झाले, कापूस वेचला, भाकरी खाल्ल्या, मोठी झाली. आता मोठी हाय त मोठीच दिसीन ना?

झालं असं का, निशानी भेटली रोडरोलर. आमचे मालक बॅनर छापाले पुसदले गेले, शहजादभाऊच्या दुकानात. मानूस चांगला हाय तो. त्यानं माह्या फोटोकडे पाह्यलं, निशानीकडे पाह्यलं, आन् म्हने, "भैया, बाजू में रोडरोलर है... भाभीले थोडं हल्कं करून देऊ का?" आन् आमचे मालक, ज्याईले चहात साखर किती टाकू हे बी मले विचारा लागते, त्याईनं तिथं एकट्यानं निर्नय घेतला. म्हने, "करून टाका."

बॅनर स्टँडवर लागलं. मी पाहाले गेली त गाल नाई, दंड नाई, मान हे एवढी लांब, आन् रंग असा का जशी दुधात बुडवून काढली. लुगडं माहं होतं, त्याच्यावरून ओळखलं. मालक म्हने, "कशी दिसून राह्यली?" मी म्हनलं, "चांगली हाय. कोन हाय?"

माही सासू रुपीबाई, तिले आम्ही याडी म्हनतो, ते बराच वेळ बॅनरकडे पाहत राह्यली आन् मले म्हनते, "अशीच राहत जा ना." आता हिच्याच हातचं तूप खाऊन मी मोठी झाली, आन् मोठी हाय त मोठीच दिसीन ना?

पन खोटं कायले सांगू, मले बी आवडली ते बाई. घरी आरशापुढं मान लांब करून पाह्यली. प्रचाराले निघाली त दंड पदरात झाकून, पोट आत ओढून. चार घरं झाले का दम लागे. लोकाईले वाटे, बाई भाषन करून राह्यली, आन् मी फक्त श्वास सोडून राह्यली.

अशीच तुळसाबाईच्या घरी गेली. एकटी राहते बिचारी, डोयाले जवळचं कमी दिसते. मांगच्या साली नाल्यात पडलती. लोक काठावर उभे राहून 'दोर आना, दोर आना' म्हनत होते, तवर मी उतरली आन् तिले खांद्यावर टाकून वर आनलं. ते मले ओळखेच ना. म्हने, "स्टँडवर जे बाई लावली, तिले मी मत नाई देत. मले नाल्यातून काढलं ते कौसल्या दांडगी होती. हे वाळकी उतरली असती, त दोघी बी वाहून गेल्या असत्या."

मी पोट सोडलं. दंडावरचा पदर काढला आन् तिचा हात त्याच्यावर ठेवला. तिनं दाबून पाह्यलं, म्हने, "हां. आता बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी मीच बसनं पुसदले गेली. "शहजादभाऊ, माहं माप वापस करा."

"पुरा ओरिजनल, भाभी?"

"पुरा."

"और रोडरोलर?"

"राहू द्या. दोघं बी शोभतो."

मालक म्हनले, "लोक हासतीन." लोक हासले. बॅनरखाली उभे राहून हासले, मंग जाऊन मत बी देल्लं. अन् मी निवडून आली. मोठी हाय त मोठीच दिसली ना?

पह्यल्या मिटिंगले सरपंचाच्या खुर्चीत बसाले गेली, त खुर्चीले दोन्हीकडून हात. अर्धी बसली, अर्धी राह्यली. ग्रामसेवक खाली पाहून म्हने, "मॅडम, नवीन खुर्चीचा ठराव घेऊ का?" सगळ्याईनं हात वर केले, विरोधी पार्टीनं बी. आमच्या ग्रामपंचायतीत बिनविरोध पास झालेला हा पह्यला ठराव. आता तो कागद वर कुठंतरी फिरून राह्यला, तवर मी उभ्यानंच मिटिंगा घेऊन राह्यली... आन् याडी म्हनते, बरं हाय, उभं राह्यलं का वजन उतरते.