सुरतेहून उघडलेलं खातं

संजीवनी बुलढाण्याच्या बसस्टँडवर बसची वाट पाहत होती. शेजारची बाई भाचीला मोबाइल दाखवत होती.

"अर्पिता, हा कायचा मेसेज हाय वं?"

"मावशी, शेखरदादाच्या ईमेलले तुझा नंबर जोडेल हाय. ते खातं काल कोणीतरी सुरतेत उघडलं."

"तोच असंन! भांडून गेला तवापासून फोन नाही माह्या पोराचा. पण सुरत कसं समजलं?"

"इंटरनेट लावलं का मोबाइलले एक नंबर भेटते. त्याले आयपी पत्ता म्हणतात. त्याच्यावरून गाव समजते, अंदाजानं."

"मंग घर सांग ना."

"घर नाही समजत त्याच्यानं."

"राहू दे. जिता हाय ना."

"खाली लिहिलं हाय, हे तुम्ही नसाल तर पासवर्ड बदला. बदलू?"

"नको वं माय! बदलला तं तो आत कसा येईन?"