आभाळाची माफी

“आई, अगं तू आभाळाबद्दलसुद्धा माफी मागितलीस!” असा ओरडला माझा डॅरेल, भर स्वयंपाकघरात, त्या पोरीच्या देखत! मग काय करू, तुम्हीच सांगा? मारिसेला आलेली थेट सॅन डिएगोहून, जिथं अंगणात लिंबं लागतात नि समुद्र पायाशी लोळतो. आणि तिला इथलं आवडलं तरच लग्न करून दोघं राहणार, नाहीतर हा शेत दुसऱ्याला कसायला देऊन तिकडे निघाला! मागे उरणार मी, गहू आणि वारा... आता आपल्या नॉर्थ डकोटात तिला दाखवू काय? इकडे माणूस येतो तो बाकीची एकोणपन्नास राज्यं संपली म्हणून! परक्यानं नावं ठेवली तर जीभ हासडीन त्याची, पण मला स्वतःला... लाज वाटते हो!

आणि कौतुक तरी येतं का आपल्याला? फार झालं तर काय म्हणतो आपण? “वाईट नाही.” पीक कमरेला लागलं, वाईट नाही. लग्नाच्या दिवशी नवरा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, “वाईट नाही,” आणि त्या दोन शब्दांवर मी अख्खा संसार केला!

तर, तुम्हाला सांगते, डॅरेलला गाडी चालवायला लावून नेली तिला पश्चिमेकडचे कडे बघायला. ऊन कलतंय, कडे लालभडक, आणि पोरगी बघतेच आहे! म्हटलं, “अगं, नुसती माती आहे, फार बघू नकोस.” तेवढ्यात रस्त्यात बायसन आडवा, हलेल तर शपथ! “माफ कर हं बाई, याला वळणच नाही!” ती वर बघून म्हणते, “केवढं हे आभाळ!” मी म्हटलं, “हो ना... जरा जास्तच झालंय.”

वाटेत शेजारचा आर्विड भेटला. हिनं विचारलं, “काका, इथं राहायला कसं आहे हो?” त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली, आणि नाकातून, “वाई...ट नाही.” जीव ओवाळून टाकला होता हो त्यानं! पण परक्या पोरीला काय कळणार?

घरी येऊन ओव्हनमधून बटाटा-कोंबडीचं हॉटडिश काढलं, वाढताना म्हटलं, “खारट झालंय, कोंबडीही म्हातारीच होती,” की डॅरेल भडकला!

“एक चांगली गोष्ट सांग! एक!”

“सांगते की! हिवाळ्यात... डास नसतात!”

“आई!”

“अरे मग तू सांग ना, मोठा आलास!”

तर त्याचे कान लाल झाले, आमच्याच रक्ताचा ना... म्हणतो कसा, “वाईट नाही.”

संपलं! मी एप्रनला डोळे पुसले नि म्हटलं, “चल पोरी, तुझी बॅग भरू लागते.”

मारिसेलानं आणखी एक डाव हॉटडिश ताटात ओढलं, आणि भरल्या तोंडानं म्हणाली, “अहो आई, माफी पुरे, कपाटातला एक खण तेवढा रिकामा करून द्या.”