दिव्याची परवानगी

नवरा : खोडता येत नसेल तर बिघडवा. पण हे तोंड आहे तसं मी घरी परत नेणार नाही.

कारागीर : काका, आधी हात काढा त्याच्यावरून. ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे राहतात, आणि खालून दिवा लावला की तेसुद्धा उजळतात.

नवरा : उजळू देत. निदान काहीतरी माझं दिसेल त्याच्यावर.

कारागीर : सगळं तुमचंच तर आहे. कपाळ तुमचं, चष्मा तुमचा. कानावरचे केससुद्धा सोडले नाहीत मी, लेसरने एकेक कोरत बसले.

नवरा : केसांबद्दल तक्रार नाही. तक्रार स्वभावाबद्दल आहे.

कारागीर : स्वभाव मशीनमधून येत नाही काका.

नवरा : आलाय. माझा नाही, दुसऱ्याच कुणाचातरी आलाय. आमच्या हिने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून तुमच्याकडून हा दिवा करून घेतला, बैठकीत ठेवला. मी म्हटलं, ठेव बापडी, शोभेची वस्तू आहे. आता घरात शोभेची वस्तू मी आहे.

कारागीर : असं काय केलं त्याने?

नवरा : परवा विम्याचा माणूस आला. मी आत दाढी करत होतो. तोंड पुसत बाहेर येतो तर तो गृहस्थ याच्यासमोर तासभर बोलून उठलेला. मला म्हणतो, "साहेबांना घाई नाही, त्यांनी सावकाश विचार करून कळवावं."

कारागीर : साहेब म्हणजे दिवा?

नवरा : मग काय मी? मला त्याने सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. शेजारचे मास्तर रोज माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे. आता याच्यासमोर पट मांडतात. दोन्हीकडच्या सोंगट्या स्वतःच हलवतात आणि हरतात. वर म्हणतात, माणूस मोठा आहे, जिंकला तरी बोलून दाखवत नाही.

कारागीर : तुम्ही बोलून दाखवायचात?

नवरा : जिंकल्यावर बोलायचं नाही तर जिंकायचं कशाला?

कारागीर : आणि काकूंचं काय?

नवरा : तिथेच येतोय मी. ती याला अरेतुरे करते. माझ्याबाबतीत इतक्या वर्षांत "अहो"च्या पुढे गेली नाही, आणि याला म्हणते, "अरे, ऐक ना." रोज संध्याकाळी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते आणि बोलते. दुखणंखुपणं, भाजीवाला, माहेरची जमीन, सगळं.

कारागीर : तुम्ही कुठे असता तेव्हा?

नवरा : दुसऱ्या खुर्चीत.

कारागीर : बरं.

नवरा : काल म्हणाली, "अरे, ताई बोलावतेय. एकटीच आहे, घर मोठं आहे. जाऊ का तिच्याकडे राहायला? कायमचीच जाते म्हणते. तुझी हरकत नसेल तर गप्प राहा."

कारागीर : मग?

नवरा : मग काय, राहिला ना गप्प. मूग गिळून. माझ्याच तोंडाने परवानगी दिली, आणि मला कुणी विचारलं नाही. आज संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय तिने.

कारागीर : तुम्ही शेजारीच होतात ना? काहीतरी म्हणायचं होतं.

नवरा : म्हटलं की. म्हटलं, त्या गाडीला गर्दी असते.

कारागीर : एवढंच?

नवरा : एवढंच कसं? दिव्याचा रिमोट होता माझ्या हाताखाली. हळूच दिवा लाल केला. लाल म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तर ही त्याला म्हणते, "बघ, तुलाही भरून आलं."

कारागीर : आता माझ्याकडून काय हवंय ते सांगा.

नवरा : कपाळावर आठी घाला. तोंड उघडं करा. नाहीतर खाली सरळ "नाही" असं कोरा, ठसठशीत. गाडीच्या वेळेआधी झालं पाहिजे. ती एकदा तिकडे गेली की परत यायची नाही. तिच्या बहिणीला मी ओळखतो, ती माणसाला जीव लावते.

कारागीर : ऐका. या शीटमध्ये उजेड बुडातून शिरतो आणि आरपार निघून जातो. जिथे ओरखडा असेल तिथेच तो अडतो, तेवढाच आपल्याला दिसतो. कोरलेलं मला पुसता येत नाही, फक्त भर घालता येते. आठी घातली तर तीसुद्धा लखलखणार. जितका बिघडवाल तितका जास्त उजळेल.

नवरा : म्हणजे याचं काही वाकडं होऊच शकत नाही?

कारागीर : तुमच्याच्याने तरी नाही. त्यापेक्षा तुम्हीच का सांगत नाही काकूंना, जाऊ नको म्हणून?

नवरा : माझं ती ऐकत नाही. याचं ऐकते.

कारागीर : याने आजवर एक शब्द काढलेला नाही.

नवरा : म्हणूनच ऐकते.

(दार ढकलून बायको आत येते. हातात प्रवासाची बॅग.)

बायको : हा इथे आहे होय? घरभर शोधला मी. तिकडे मास्तर पट मांडून बसलेत, त्यांचा खेळ अर्धा राहिलाय.

नवरा : मी पण इथेच आहे.

बायको : दिसलात. बरं झालं, याला आणलंत ते. अहो ताई, तुम्ही मला याची एक लहान प्रत करून द्या, बॅगेत मावेल अशी. एवढा मोठा प्रवासात तडकेल.

नवरा : मोठा इथेच ठेवून जाणार?

बायको : तुम्हाला कुणाची सोबत नको का?

नवरा : अगं पण मी धडधाकट असताना माझी प्रत कशाला न्यायची? मी काय…

बायको : तुम्ही मध्येच बोलता.

नवरा : मी कधी मध्ये…

बायको : हे बघा.

कारागीर : काकू, एक विचारू? याच्यासाठी दिलेला फोटो होता कुठला तो? मी मागचंपुढचं कापून नुसता चेहरा घेतला. आमच्याकडे येतात ते सगळे फोटो दात दाखवणारे. इतकं मन लावून बघणारा माणूस पहिल्यांदा आला.

बायको : माझा पाय मोडला होता तेव्हाचा आहे तो. मी पलंगावर. यांना म्हटलं, दूध तापत ठेवलंय, तेवढं बघा. भाची आली होती भेटायला, तिने टिपला. हे उभे होते पातेल्यासमोर, दूध उतू जाईल म्हणून. मला दारातून दिसत होते. पापणी लवत नव्हती. इतक्या वर्षांत यांना कुणाकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं. दुधाचा हेवा वाटला मला.

नवरा : उतू गेलं नाही ते.

बायको : नाही गेलं.

कारागीर : प्रत देते करून. एक अडचण आहे. मशीन चालू असताना कुणीतरी समोर बसून राहावं लागतं. कापताना ॲक्रिलिक कधीकधी पेट घेतं. एरवी मीच बसते, पण मला या शाळेच्या ऑर्डरीच्या वायरी जोडायच्या आहेत. काका, तुम्ही बसा या स्टुलावर. झाकणाच्या काचेतून बघायचं. ठिणगी दिसली तर दिसू दे, ज्योत पेटली तर हे बटण दाबायचं.

नवरा : एवढंच ना?

कारागीर : एवढंच, पण नजर हलवायची नाही. आणि शक्यतो बोलायचं नाही. माणूस बोलायला लागला की आधी मान वळते.

नवरा : हं.

कारागीर : लावते चालू. काकू, खुर्ची घ्या ती.

बायको : वास येतोय कसलातरी.

कारागीर : कापतंय ना, येणारच. पंखा ओढून घेईल.

बायको : नीट बसा, स्टूल हलतंय. हं. गाडीला अजून अवकाश आहे. तसं मला आमच्या ताईचं घर आवडत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? दार लावलं की बाहेरचा आवाज येत नाही. पण ती विचारते हो. सकाळी उठले की विचारते, झोप लागली का.

नवरा : हं.

बायको : नाही लागत. तुम्ही निवृत्त झाल्यापासून नाही लागत. तुम्ही ऑफिसला जायचात तेव्हा दिवसभर घरात बोलायला कुणी नसायचं, त्याचं काही वाटायचं नाही. आता तुम्ही असता, म्हणून वाटतं.

कारागीर : काका, डोळे मशीनवर.

नवरा : तिकडेच आहेत.

बायको : आणि परवानगी मी तुमच्याकडेच मागत होते. त्याच्याकडे बघून मागितली, इतकंच. तुमच्याकडे बघून काही बोलायला लागले की तुम्ही उत्तर देता. मला उत्तर नको असतं. म्हणजे, लगेच नको असतं.

नवरा : हं.

बायको : तर तुम्ही म्हणालात, गर्दी असते.

नवरा : जाऊ नको म्हणायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत गर्दीच आली.

बायको : मग आता म्हणा.

नवरा : बोललं की मान वळते असं ह्या म्हणाल्या.

बायको : बरं, राहू दे. माझं अजून संपलं नाही. पाय मोडला तेव्हा मी जिन्यावरून पडले असं सांगितलं ना तुम्हाला? जिन्यावरून नव्हते पडले. तुमच्या खोलीतला बल्ब गेला होता. तुम्ही यायच्या आत बदलावा म्हणून टेबलावर चढले. टेबलाचा पाय मोडका होता. दुरुस्त करा म्हणून कितीदा सांगून झालं होतं, म्हणून तुम्हाला खरं सांगितलं नाही. उगाच मनाला लावून घेतलं असतंत.

नवरा : टेबल कुठलं?

बायको : ते खिडकीपाशी होतं ते. नंतर भंगारवाल्याला देऊन टाकलं मी.

नवरा : मला वाटलं चोरीला गेलं.

बायको : हो. पोलिसांकडे जायला निघाला होतात.

नवरा : बल्ब लागला होता पण. मी आलो तेव्हा खोलीत उजेड होता.

बायको : लावूनच पडले.

नवरा : मग? किती वेळ पडून होतीस?

बायको : सांगते. तुम्ही तिकडेच बघा.

कारागीर : झालं काकू. थांबलं मशीन. काका, आता इकडे बघितलंत तरी चालेल. प्रत काढून देते, दोन मिनिटांत गाडी गाठायला मोकळ्या तुम्ही.

बायको : ताई, मशीनला दुसरा तुकडा लावा.

कारागीर : कशाचा?

बायको : कशाचाही. मोठा असू दे.