हलवली, की नक्कल केली?

इन्चार्ज: ‘सर्व्हर चालू आहे, सर्व्हर चालू आहे’, सकाळपासून एवढंच ऐकतोय साडूभाऊ मी. चालू असून मी काय करू त्याचं? जरा त्या काचेपलीकडे बघा. सातही बायका कागदावर पत्ते लिहून घेतायत आणि ड्रायव्हरांना स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतायत. ही ॲम्ब्युलन्सची कंट्रोल रूम आहे की वाण्याचं दुकान?

इंजिनिअर: दादा, चालू आहे म्हणजे बिघडलेला नाही, एवढंच म्हणतोय मी. उत्तर देतोय तो. मध्येच गप्प होतो, परत देतो.

इन्चार्ज: माझा धाकटाही अभ्यासाच्या वेळी असंच करतो. त्याला आम्ही चालू आहे म्हणत नाही.

इंजिनिअर: मला पाच मिनिटं शांतपणे बघू द्याल?

इन्चार्ज: बघा. पण एक ऐकून ठेवा. हे काम तुम्हाला माझ्या शब्दावर मिळालं. वरच्या साहेबांनी तोंडावर विचारलं, नात्यातले आहेत का? मी म्हटलं आहेत, आमच्या बायका सख्ख्या बहिणी, पण माणूस कामाला चोख. आता तेच साहेब दर अर्ध्या तासाला फोन करून विचारतायत, तुमचे चोख साडू काय म्हणतात.

इंजिनिअर: फोनवर तुमच्या घरून ताई विचारतात, इथे तुम्ही विचारता. उत्तर मिळालं की दोघांनाही सांगतो. नेमकं होतं काय ते पहिल्यापासून सांगा. तक्रार नको, फक्त होतं काय.

इन्चार्ज: कॉल येतो. बाई पत्ता टाईप करते, ‘पाठवा’ दाबते. तो आमच्या सर्व्हरवर जातो, तिथून गाडीतल्या ड्रायव्हरच्या पडद्यावर. रोजचं हे. आज दाबलं की कधी जातो, कधी गोल फिरत बसतो.

इंजिनिअर: रोज होतं का असं?

इन्चार्ज: नाही. काल काही नव्हतं, परवाही नव्हतं. गेल्या आठवड्यात एकदा झालं होतं, तेव्हा...

इंजिनिअर: तेव्हा काय?

इन्चार्ज: काही नाही. तेव्हा वेगळं होतं. ती माणसाची चूक होती.

इंजिनिअर: बरं. आज इथे वेगळं काय चालू आहे? नवीन प्रिंटर, नवीन कॅमेरा, कुणी कुठली वायर कुठे लावली?

इन्चार्ज: काहीही नाही. सगळं नेहमीचं. वर नव्या मुलींचा आठवड्यातून एकदाचा वर्ग आहे आज, तेवढंच.

इंजिनिअर: कशावर शिकतात त्या?

इन्चार्ज: कशावर म्हणजे? ट्रेनिंगच्या मशीनवर. आपल्या सर्व्हरची नक्कल केलीय ना, खोटे कॉल घ्यायला. तुम्हीच तर दिलीत.

इंजिनिअर: मी नाही दिली. मी म्हणालो होतो, मी आलो की करू.

इन्चार्ज: वा. लग्नाला गेला होतात तुम्ही. मी फोन केला, मागे बँड वाजत होता. तुम्ही म्हणालात, एवढी घाई असेल तर सांगतो तसं करा. हे फोल्डर तिकडे कॉपी करा, नाव बदला, त्याचा आयपी नंबर बदला, चालू करा. मी सगळं केलं. नाव बदललं, नंबर बदलला, चालू केली. चालली.

इंजिनिअर: चालू करताना तिने काही विचारलं का?

इन्चार्ज: विचारलं होतं काहीतरी.

इंजिनिअर: काय विचारलं, आठवा दादा. महत्त्वाचं आहे.

इन्चार्ज: मला हलवलंय की माझी नक्कल केलीय, असलं काहीतरी. दोन बटणं होती. मी तुम्हाला फोनवर वाचूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, दाबा हो कुठलंही, पहिलं दाबा.

इंजिनिअर: पहिलं कुठलं होतं?

इन्चार्ज: ‘हलवलंय’. आणि मला ते बरोबरच वाटलं. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर नेली, म्हणजे हलवलीच की.

इंजिनिअर: अरे देवा.

इन्चार्ज: असे डोक्याला हात लावून बसू नका. काय झालं ते सांगा.

इंजिनिअर: सांगतो. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कचं एक कार्ड असतं, आणि त्या कार्डाला कारखान्यातूनच एक पत्ता मिळालेला असतो. मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. जगात दुसऱ्या कार्डाला तो नसतो. आता आपला सर्व्हर म्हणजे खरी पेटी नाहीये. व्हर्च्युअल मशीन आहे, मोठ्या पेटीच्या पोटात नुसती मांडलेली. तिला खरं कार्ड नाही, म्हणून तो पत्ताही मांडलेलाच, एका फाइलीत लिहिलेला. नक्कल केली की फाइलीबरोबर पत्ताही जातो. म्हणून ती मशीन विचारते. ‘नक्कल केली’ म्हटलं तर स्वतःसाठी नवा पत्ता घेते. ‘हलवली’ म्हटलं तर समजते, मी तीच आहे, आणि जुनाच ठेवते.

इन्चार्ज: म्हणजे आत्ता दोघींचा पत्ता एकच.

इंजिनिअर: एकच. मधे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जोडणारा तो स्विच बसलाय ना, त्याचं काम पोस्टमनचं. जी शेवटची बोलली तिच्याकडे पुढची पत्रं टाकतो. खाली आपली मशीन बोलली की इकडे, वरून मुलींची बोलली की तिकडे. वर वर्ग नसला की ती मशीन बंद, भांडण नाही.

इन्चार्ज: आणि तिकडे गेलेल्या पत्राचं काय होतं?

इंजिनिअर: ती मशीन उघडते; तिचा नंबर तर तुम्ही बदललाय, म्हणून आत भलत्याचाच नंबर बघते, फेकून देते.

इन्चार्ज: मग आधी ती वरची बंद करा. आत्ताच्या आत्ता.

इंजिनिअर: मुली मध्येच...

इन्चार्ज: मुली खोट्या रोग्यांना वाचवतायत. बंद करा.

इंजिनिअर: केली. आता विचारा बाहेर.

इन्चार्ज: थांबा, दार उघडतो. तीन नंबर, हातातला कॉल मशीनवरून पाठवून बघा. गेला? ड्रायव्हरला विचारा मिळाला का. मिळाला? दुसरा बघा. हां. मिळाला म्हणतेय. दोन्ही मिळाले.

इंजिनिअर: सुटलं. पण खात्री करायला एकदा परत चालू करून बघायला हवी. एकदा झालं तर योगायोगही असू शकतो.

इन्चार्ज: साडूभाऊ, माणसं आहेत हो त्या फोनवर.

इंजिनिअर: म्हणूनच म्हणतोय. उद्या परत झालं तर?

इन्चार्ज: बरं. असं करू. सगळ्यांना परत कागदावर घेतो. डेपोत एक गाडी नुसती उभी आहे, तिला मी इथून खोटा कॉल पाठवतो. खरा एकही मशीनवर जाणार नाही. तुम्ही वरच्या मुलींना कामाला लावा.

इंजिनिअर: मशीन चालू केली, मुली लावल्या. पाठवा.

इन्चार्ज: पाठवला. गेला. हिरवं झालं.

इंजिनिअर: ड्रायव्हरला विचारा.

इन्चार्ज: विचारतो. हॅलो, डेपो का? तुमच्या पडद्यावर आत्ता काही आलं? नीट बघा. काहीच नाही? बरं. नाही, काही नाही, ठेवा.

इंजिनिअर: परत पाठवा एकदा. तुमचा कधी फिरत बसेल, कधी... दादा?

इन्चार्ज: हिरवं झालं हो. माझ्यासमोर हिरवं झालं, आणि तिकडे काहीच नाही.

इंजिनिअर: ते प्रोग्रामवाल्यांचं काम आहे. सर्व्हरचं उत्तर यायची वाट न बघता रंग बदलतात. फिरत बसलं तर निदान कळतं तरी. हे हिरवं झालेलं वाईट.

इन्चार्ज: बंद करा ती. आधी बंद करा.

इंजिनिअर: केली. बसा तुम्ही. पाणी देऊ का?

इन्चार्ज: सहा नंबरच्या बाई हेच सांगत होत्या.

इंजिनिअर: कोण सहा नंबर?

इन्चार्ज: ती रिकामी खुर्ची दिसते ना, खांबाजवळ, ती. गेल्या आठवड्यात एका घरून फोन आला. वडील जेवताना एका बाजूला कलंडले, तोंड वाकडं झालं. बाईंनी कॉल घेतला, पाठवला. गाडी गेलीच नाही. मुलगी फोन करतेय, या सांगतायत निघाली, निघाली. शेवटी शेजाऱ्यांनी आपल्या गाडीत घातलं त्यांना. माणूस वाचला. बोलणं गेलं.

इंजिनिअर: आणि बाई?

इन्चार्ज: घरी बसवलं. मी बसवलं. ड्रायव्हरकडे कॉल नाही, सर्व्हरवर कॉलची नोंद नाही. मी म्हटलं, तुम्ही दाबलंच नाही. त्या म्हणाल्या, साहेब, मी दाबलं, हिरवं झालं, मी डोळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही बाई. सगळ्यांच्या देखत म्हटलं.

इंजिनिअर: त्या दिवशी वर्ग होता?

इन्चार्ज: पहिलाच दिवस. मीच भाषण ठोकून आलो होतो मुलींपुढे, जबाबदारीवर. खाली आलो तर दोघीतिघी म्हणाल्या, स्क्रीन अडकतेय. मी म्हटलं, होईल आपोआप नीट.

इंजिनिअर: दादा, बटण मी सांगितलं होतं. तुम्ही वाचून दाखवलंत, आणि मी जेवणाच्या पंगतीतून कुठलंही दाबा म्हणालो. ते माझ्या नावावर लावा.

इन्चार्ज: लावतोच आहे. बटण तुमच्या नावावर. त्या खुर्चीचं काय करू? ती रिकामी मी केली.

इंजिनिअर: आधी हे नीट करून टाकू. हातातलं काम आधी. खालच्या मशीनला हात लावायचा नाही, तिच्यावर कॉल चालू आहेत. वरचीचा पत्ता बदलतो. बंदच आहे, सोपं आहे... नाही म्हणतेय.

इन्चार्ज: आता काय?

इंजिनिअर: मी मनाने आकडे घातले. पत्त्याचे पहिले काही आकडे तिच्या कंपनीचे ठरलेलेच लागतात. थांबा, तिलाच घेऊ दे नवा. हां, घेतला. चालू करतो.

इन्चार्ज: खाली परत कागदावर घेऊ?

इंजिनिअर: घ्या, थोडा वेळ. झाली चालू. आता डेपोला पाठवा, परत परत पाठवा. वर मुलींनाही काम करू दे.

इन्चार्ज: पाठवतोय. डेपो, मिळतायत का? मोजू नका हो, नुसतं सांगा. मिळतायत. सगळे मिळतायत म्हणतोय.

इंजिनिअर: झालं मग. फक्त एक भानगड झालीय. वरच्या मुलींचा प्रोग्राम उघडत नाहीये. परवाना नाही म्हणतो.

इन्चार्ज: कसला परवाना?

इंजिनिअर: तो प्रोग्राम मॅक अ‍ॅड्रेस बघून चालतो. पत्ता बदलला, आता ओळख देत नाही. कंपनीकडून नवा मागवावा लागेल. तोवर वर्ग बंद.

इन्चार्ज: या आठवड्यात परीक्षा आहे त्यांची. साहेब मला उभा सोलतील.

इंजिनिअर: जुना पत्ता परत दिला तर आत्ता उघडेल.

इन्चार्ज: कशाला सांगता असलं काही? परीक्षा पुढे ढकला. साहेबांना मी बघतो. तो फोन द्या इकडे, सहा नंबरच्या बाईंना लावतो. नाही, तुम्ही जाऊ नका. बसा. स्पीकरवर टाकतो, मशीनचं काही विचारलं तर तुम्ही सांगा.

(फोनची घंटा बराच वेळ वाजते.)

बाई: हॅलो.

इन्चार्ज: बाई, मी बोलतोय. कंट्रोल रूममधून.

बाई: ओळखलं साहेब. हेडफोन माझ्या खणात आहेत, किल्ली आठ नंबरकडे दिलीय.

इन्चार्ज: हेडफोनसाठी नाही केला फोन. बाई, तुम्ही त्या दिवशी कॉल पाठवला होता.

बाई: हो.

इन्चार्ज: म्हणजे, आत्ता आम्हाला कळलं. मशीनमध्ये दोष होता. आमचे इंजिनिअर इथेच बसलेत, ते सांगतील तुम्हाला नीट.

बाई: मला नका सांगू. मला माहीत होतं.

इन्चार्ज: हो. चुकलं माझं. उद्यापासून या तुम्ही. मी सगळ्यांसमोर सांगतो, जसं तेव्हा सगळ्यांसमोर बोललो तसं.

बाई: साहेब, त्या घरी तुम्ही गेला होतात ना भेटायला?

इन्चार्ज: गेलो होतो. वरच्या साहेबांनी पाठवलं होतं.

बाई: काय सांगितलंत त्यांना?

इन्चार्ज: सांगितलं, आमच्या एका बाईंच्या हातून राहून गेलं.

बाई: मीही गेले होते, तुमच्यानंतर. त्यांच्या मुलीने दार उघडलं. फोनवरचा आवाज ओळखला तिने माझा. काही बोलली नाही, दार लावून घेतलं. आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढे तेच दार आहे.

इन्चार्ज: बाई...

बाई: मला उद्याचं सांगत बसू नका. तुम्ही तिथे जा आधी. मग मला फोन करा. ठेवते.

इंजिनिअर: ठेवला?

इन्चार्ज: ठेवला.

इंजिनिअर: जाणार ना?

इन्चार्ज: जायलाच हवं. आत्ताच निघतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत मीच काहीतरी कारण काढेन. तुम्ही चला बरोबर. ते हलवली, नक्कल केली, पोस्टमन, मला नाही सांगता येणार त्यांना नीट.

इंजिनिअर: येतो. पण ते सांगूच नका. त्यांना काय करायचंय आपल्या पोस्टमनचं.

इन्चार्ज: मग काय सांगू?

इंजिनिअर: बाईंनी गाडी पाठवली होती, एवढं सांगा.