लोखंडी कपाटातल्या राऊटरबाबत

मी, गल्लीत पडदेवाल्या मावशी म्हणून ओळखली जाणारी, वय ६४ वर्षे, धंदा घरी पडदे शिवणे, राहणार बेकरीच्या वरचा दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझी मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. तिने फोन केल्यावरून आज आपण ज्यांना माझ्या घरातून धरून आणलंत आणि त्या बाकावर बसवलंत, ते चोर नाहीत. ते आमच्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले आहेत. त्यांना सोडावं, एवढंच सांगायला मी आले. बाकीचं हवालदारसाहेब विचारतात म्हणून सांगते.

मुलीने काळजीपोटी माझ्या घरात फोनवरून चालणारे दिवे, पंखा आणि बाहेरच्या खोलीत एक कॅमेरा बसवून दिला. हे सगळं ज्याच्यावर चालतं त्या राऊटरची किंमत ऐकून माझे डोळेच पांढरे झाले. म्हणून दुपारी आडवं होण्याआधी मी तो पुसते आणि लोखंडी कपाटात ठेवून दार लावते. महागाची वस्तू उघड्यावर टाकायची आमच्या घरात पद्धत नाही. वायर फटीतून आत जाते, हिरवा दिवा लुकलुकत असतो. म्हणजे मी तो बंद करते असं कुणी म्हणू नये.

तरी रोज दुपारी कनेक्शन जायचं. पंखा ऐकायचा नाही, दिवे ढिम्म. मदत केंद्रातली पोरगी गोड आवाजात सांगायची, "बंद करून पुन्हा चालू करा." मी बल्ब बदलले. बेकरीवाल्याच्या भट्टीवर संशय घेऊन त्याच्याशी भांडून आले. शेवटी घड्याळवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, "राऊटर काढा बाहेर, बघू." त्यांनी दोन स्क्रू सोडवले, तेच दोन परत आवळले आणि सगळं घर उजळलं. मला वाटलं, माणसाच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं, ते पुन्हा आले. तेव्हापासून ते रोज चार वाजता येतात, स्क्रू आवळतात, चहा घेतात आणि माझ्या शिवणीला नावं ठेवतात.

आजची हकीकत अशी की, एका गिऱ्हाइकाचे पडदे संपवण्याच्या नादात मी आडवी झालेच नाही आणि राऊटर बाहेरच राहिला. घड्याळवाले आले तेव्हा मी म्हटलं, "आज बघा, सगळं ठणठणीत चालू आहे." ते "अरे वा" म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं. मी चहा टाकायला आत गेले. थोड्याच वेळात पंखा फोनला दाद देईना. मी ओरडले, "गेलं हो पुन्हा!" बाहेरून आवाज आला, "येऊ द्या चहा, बघतो मी." आवाज भलताच खुशीत होता.

तिकडे मुलीने कॅमेऱ्यात पाहिलं की, एक पाठमोरा माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आईचं कपाट उघडतोय, आणि पुढे चित्रच गायब. तिने मला फोन लावला. दूध उतू चाललं होतं म्हणून मी तो कापला. दुसऱ्यांदाही कापला. तेव्हा तिने आपल्याला कळवलं. चहा कपात ओतायच्या आत आपली माणसं दारात हजर.

इथे हवालदारसाहेबांनी घड्याळवाल्यांना विचारलं, "कपाट कशाला उघडलंत?" आता यांना कोठडीत टाकतात की काय, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी मध्येच बोलले की, अहो, त्यात राऊटर असतो, मीच रोज ठेवते. त्यावर फौजदारबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, "मावशी, लोखंडात कोंडल्यावर कनेक्शन राहील कसं?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी सगळ्यांदेखत घड्याळवाल्यांना विचारलं, "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि आज तुम्ही स्वतः तो आत ठेवलात?"

ते म्हणाले, "आज सगळं चालूच होतं. मग उद्या कशाला बोलावलं असतंत मला?"

यावर मला काय वाटलं, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. बरं वाटलं. तसंच लिहा.

मुलगी फोनवर आधी माझ्यावर ओरडली, मग हसून हसून तिला ठसका लागला. तिची आता काही तक्रार नाही. माझी मात्र घड्याळवाल्यांविरुद्ध आहे. एवढे दिवस त्यांनी मला चांगलंच वेड्यात काढलं. तरी त्यांना सोडताना रोज हजेरी लावण्याची अट घालावी. हजेरी ठाण्यात नको, माझ्या घरी. राऊटर चालू असो वा बंद.

माझा हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. बाकावरून घड्याळवाल्यांनीही तो ऐकला. अट मान्य असल्याचं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं, म्हणून माझ्या सहीशेजारी त्यांचीही सही घेतली आहे.