परत आलेले कपडे

— असू द्या हो ताई, दिलेले कपडे कुणी परत करतं का? होत नाहीत गोट्याला? इतक्यात? बघा, पोरं कशी वाढतात. बसा, ती खुर्ची ओढा — पण आधी तिकडे नळावर हात धुऊन या, साबणाने, राग मानू नका, आमच्याकडे हल्ली सख्खा मामा आला तरी त्याला आधी नळ दाखवतो. सर्दी नाही ना? घरात कुणाला? बरं. झोपलीय बिट्टी. खिडकीशी, हो, तीच. ओळखू नाही ना आली? तुम्ही दवाखान्यात बघितली तेव्हा छातीवर सगळ्या वायरी आणि तोंडात नळी, मूल कमी आणि यंत्रच जास्त. गोट्याला बाई नाकातल्या ऑक्सिजनवर भागलं, नशीब तुमचं. तुम्ही शेजारच्या खाटेशी अंगाई म्हणायचात ना, ती मी ऐकायचे. म्हणजे ऐकू यायची.

आम्हा मोठ्यांना काय, नुसतं नाक गळलं. हे दोन दिवस पडून राहिले, सासूबाई खोकल्या, झालं. कोरोना आहे म्हणून तपासायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही — आता कोण तपासतं? आणि लहान मुलांना काही होत नाही, जो तो हेच सांगणार. बहुतेकांना नाहीच होत, डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाल्या, पण ही तान्ही, त्यात दिवस भरायच्या आधी झालेली, आतल्या श्वासाच्या नळ्या एवढ्याशा, जरा सूज आली, जरा चिकटा साचला की वाट बंद. आधी दूध सोडलं तिने. ओढायची, सोडायची, धापा टाकायची. सासूबाई म्हणाल्या, पोट भरलं असेल. आणि रडत नव्हती — आम्ही आपले खूश, म्हटलं शहाणी झाली हो, आता रडत नाही. रडायला श्वास लागतो, हे कुठे माहीत होतं? दुपारी पुसायला म्हणून मी अंगडं वर केलं तर फासळ्यांखाली खड्डा पडत होता ताई, दर श्वासाला, आणि नाकपुड्या अशा फुललेल्या. रिक्षात मी तो खड्डाच बघत होते. दुसरं काही आठवत नाही.

कपडे ना — मीच शिवलेले, हो. मी शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवते, तिथली कापडं उरतात, त्यातले. बांधायचे बंद पुढच्या बाजूला ठेवले होते, पाठीला काही टोचायला नको म्हणून. दवाखान्यात पिशवी भरून घेऊन गेले, आणि तिथे तर अंगात काही घालतच नाहीत, वायरी लावायच्या असतात. पिशवी खाटेखाली. तुम्हाला घरी सोडलं त्या सकाळी मी ती तुमच्या हातात दिली, आठवतं? तुम्ही म्हणालात, अहो, तिला लागतील की. मी म्हटलं, लहान होतात तिला. कुठले लहान? आत्ता घातले तरी ढगळ होतील, एवढी सुकलीय — ते नव्हतं कारण. आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं होतं. म्हणाल्या, आम्ही करतोय सगळं, आता तिच्यावर आहे. हे म्हणाले, म्हणजे आशा आहे. मी तसं नाही ऐकलं. मी जिन्यात जाऊन बसले आणि रडून घेतलं — सगळं, आतलं होतं नव्हतं तेवढं — आणि तिच्यावर पाणी सोडलं. हो. आई असून. तोंड धुतलं आणि वर आले. म्हणून कपडे दिले ताई, जित्या मुलीचे. हे यांनाही माहीत नाही, तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक — पाणी हवंय तुम्हाला? नको?

आणि तुम्ही गेलात त्याच दिवशी डॉक्टरीणबाई हसत आल्या, सावरली हो तुमची पोर, म्हणाल्या. यांनी त्यांचे पायच धरले. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला, सगळ्यांचाच पडला, आणि मी काय केलं सांगू? डबा घासायला गेले. काही वाटलंच नाही. अजून नाही वाटत. लोक येतात, देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, मी हो म्हणते. करते मी तिचं सगळं, तसं नाही — औषध, ताप बघणं, बाटल्या उकळणं, दूध माझं आटलं म्हणून बाटली — एक थेंब चुकत नाही. फक्त उचलत नाही. तिथे नर्सबाई सांगायच्या, सारखा हात लावू नका, दमते ती. तीच सवय मी घरी आणली. यांना वाटतं, किती जपते. दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घ्या की मांडीवर, भरपूर घ्या. सासूबाई घेतात. एकदा रडून झालेल्या माणसाला परत कसं — ती माझीच आहे, कळतं मला. कळतं नुसतं.

उठली वाटतं. नाही नाही, आवाज असाच आहे, नळीने घसा खरवडलाय, येईल म्हणतात. सासूबाई गच्चीवर गेल्यात, येतीलच. तुम्ही घेता? घ्या ना. मान धरा — तुम्हाला काय शिकवायचं. गप्प होईल बघा, कुणीही घेतलं की होते. नाही झाली? हलवा जरा. इकडे काय बघतेय ती? माझ्याकडे? छे, दिव्याकडे बघत असेल, पोरं दिव्याकडेच बघतात. बंद आहे? हं. ताई, उशीर होत असेल तुम्हाला, गोट्या वाट बघत असेल. अहो, खाली नका ठेवू. रडतेय ना ती. इकडे — द्या इकडे. सोडा, सोडा तुम्ही, धरलंय मी. किती हलकी — काही नाही. काही नाही म्हटलं ना. जा तुम्ही आता. दार ओढून घ्या. जा ना.